वनजमिनीवरून सरपण: कायदेशीर जागा कशी शोधायची?

बांधावरचा:
मंडळी, भोर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या गावासाठी विचारतोय. शेताच्या वरच्या अंगाला वनखात्याची हद्द लागते. घरची चूल आणि आंघोळीचा बंब दोन्ही लाकडावर चालतात, त्यामुळे पावसाळ्याआधी चार महिन्यांचं जळण भरून ठेवावं लागतं. ज्याला विचारावं तो म्हणतो, "वाळकं आणलं तर कोण काय म्हणतंय?" मला ते उत्तर नकोय. कोणत्या जागेवरून, कुणाच्या परवानगीने, काय आणि किती आणता येतं हे कागदानिशी सांगता येईल असं हवंय. उभं वठलेलं झाड तोडलं तर चालतं का? डोक्यावरच्या मोळीऐवजी ट्रॅक्टरची ट्रॉली नेली तर?

माळावरचा पक्षी:
आमच्याकडे मोळीला कुणी अडवत नाही. वाळलेलं उचला आणि या.

तेंदूपान:
@माळावरचा पक्षी, अडवत नाहीत ही वनरक्षकाची मर्जी झाली. बदली होऊन नवा माणूस आला की तीच मोळी गुन्ह्यात धरली जाते. सवलत आणि हक्क यांत एवढा फरक आहे, आणि तो सोसावा लागतो तो मोळी आणणाऱ्या बाईला.

@बांधावरचा, सुरुवात जमिनीच्या प्रकारापासून करा. सगळे त्याला "फॉरेस्ट" म्हणतात, पण त्यात बरेच प्रकार येतात. तलाठ्याकडे गाव नमुना १-अ मागा, गावातल्या वनजमिनींची नोंदवही तीच. सोबत त्या गटाचा सातबारा काढा आणि "इतर हक्क" रकान्यात राखीव वन, संरक्षित वन की आणखी काही लिहिलंय ते बघा. मग वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर) आणि नकाशा विचारा. जागेवर हद्दीचे दगडी बुरूज असतात, त्यांच्यावरचे आकडे नकाशाशी ताडून घ्या. बुरूज ढासळलेला असेल तर अंदाजाने हद्द धरू नका.

राखीव वनात १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ लागतं. तिथे जे स्पष्टपणे मोकळं ठेवलेलं नाही ते बंद. झाड तोडणं, फांद्या छाटणं, साल काढणं, वनोपज उचलून नेणं, सगळं त्यात आलं. संरक्षित वनात उलटं असतं. शासनाने नियम करून किंवा अधिसूचनेने जे बंद केलं ते बंद, म्हणून तिथे नियम आणि राखलेल्या झाडांची यादी बघावी लागते.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर विषयच संपला. १४ फेब्रुवारी २००० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मेलेली, रोगट, वाऱ्याने पडलेली झाडं आणि गवतसुद्धा तिथून हलवायला मनाई आहे.

वैनगंगाकाठ:
तेंदूपानताईंनी बाकी सगळं नेमकं सांगितलंय, पण "विषयच संपला" हे मान्य नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये वनजमिनीची जी व्याख्या आहे तिच्यात अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही येतात. तिथल्या गावांचे हक्क आपोआप संपत नाहीत, ते दावा करून मान्य करून घ्यावे लागतात. दावा मान्य होईपर्यंत मात्र त्या हद्दीतून काडीही उचलू नका, हे त्यांचं म्हणणं खरं.

विदर्भातल्या लोकांसाठी आणखी एक. आमच्याकडे निस्तारपत्रक असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १६१. गावाने कोणत्या जमिनीतून सरपण, चारा, माती घ्यायची त्याची नोंद त्यात सापडते. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढा. नुसता हक्क दाखवायलाच नाही, तर वनहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणूनही हा कागद फार कामाचा आहे.

आणि "झुडपी जंगल" लिहिलेली जमीन महसूलची म्हणून मोकळी समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती वनजमीनच मानली आहे.

पळसपापडी:
गायरानाचं काय? आमच्या गावात लोक सर्रास वेडी बाभूळ तोडतात.

तेंदूपान:
गायरान महसूलचं असतं आणि ताबा ग्रामपंचायतीकडे. तिथे ग्रामसभेचा ठराव आणि पंचायतीची लेखी परवानगी हवी. वेडी बाभूळ काढायला बहुतेक गावं खुशीने हो म्हणतात, कारण ती गवत येऊ देत नाही. पण गायरानाचा काही भाग सामाजिक वनीकरणाच्या लागवडीला दिलेला असेल तर तो वगळा. आणि गावात कुऱ्हाडबंदीचा ठराव असेल तर तो आधी वाचा.

वैनगंगाकाठ:
आता मूळ प्रश्नाकडे येतो. गावाला वनजमिनीवरून कायम, सन्मानाने सरपण आणायचं असेल तर खरा रस्ता सामूहिक वनहक्काचा. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये निस्तारासारखे (सरपण-चारा अशा घरगुती गरजांचे) सामूहिक हक्क येतात, (ग) मध्ये गौण वनोपज. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपानांच्या जोडीला झुडपी लाकूड आणि खुंटही आहेत. इमारती लाकूड नाही. (झ) मध्ये जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. सामूहिक हक्कांसाठी नमुना ब, वनसंसाधनासाठी नमुना क. दोन्ही एकदम भरा.

ग्रामसभा बोलावून १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, त्यात किमान एक तृतीयांश बाया. या सभेला गावातले किमान निम्मे मतदार हवेत. गणपूर्ती नसताना सह्या गोळा केल्या तर दावा तिथेच लटकतो. मग पारंपरिक हद्दीचा नकाशा. म्हाताऱ्या माणसांना आणि रोज सरपणाला जाणाऱ्या बायांना घेऊन शिवार फिरा. मोळीच्या वाटा, पाणवठे, देवाच्या जागा, गुरं बसायची ठिकाणं, सगळी नावानिशी नोंदवा. शेजारच्या गावांना लेखी कळवा, कारण हद्दीचा वाद पुढे निघाला की फाइल परत येते. पुरावे किमान दोन: निस्तारपत्रक, जुनं गॅझेटियर, वनखात्याची कार्य आयोजना (कोणत्या कक्षात काय काम करायचं त्याचा आराखडा), वडीलधाऱ्यांचे जबाब. वन आणि महसूल दोघांनाही जागेच्या पाहणीला बोलावल्याची पोच ठेवा. पुढे ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. या कामाला फी नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्क कागदावर असणं आणि माल हलवता येणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे त्या गावाने सगळ्यांना दाखवून दिलं.

सह्याद्रीचा_राब:
भोर-वेल्ह्याकडे बरीच गावं आदिवासी नाहीत. तिथे "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणून दावा करावा लागतो आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हा मुद्दा आधी ग्रामसभेत मोकळेपणाने बोलून घ्या. दावा गावाचा असला की जुने फेरफार, शाळेची जुनी रजिस्टरं, देवस्थानाचे कागद चालतात. आणि नुकतीच जमीन विकत घेऊन आलेल्यांना यातून हक्क मिळत नाही, हे स्पष्ट सांगणं गरजेचं आहे. त्यांनी मालकीच्या लाकडाकडे आणि वनखात्याच्या लाकूड डेपोकडे वळावं.

रानपिंगळा:
उभ्या वठलेल्या झाडाबद्दल कुणी बोललं नाही. उत्तर आहे: नाही. कायद्याला झाड उभं आहे एवढं पुरतं. त्यात जीव होता की नव्हता हे कुऱ्हाड लागल्यावर कोण ठरवणार?

दुसरं, उन्हाळ्यात वठलेलं ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. फाल्गुन-चैत्रात साग, पळस, काकड, सालई, सावर, पांगारा सगळेच उघडेबोडके असतात. बारीक डहाळीची साल नखाने खरवडा. आत हिरवा ओला थर दिसला तर झाड जिवंत आहे. डहाळी कट्कन मोडली आणि आत तपकिरी कोरडी निघाली तरी ती एक फांदीच मेलेली असू शकते, दुसऱ्या बाजूची बघा. बुंध्याभोवती सालीचा पट्टा गोल काढलेला दिसला तर त्या झाडापासून लांब राहा. कुणीतरी ते मुद्दाम वाळवत ठेवलंय. तोही वनगुन्हाच, आणि गार्ड नेमका तिथेच येऊन थांबतो.

आणि खरं सांगतो, वठलेलं झाड रानाला हवं असतं. पिंगळे, पोपट, धनेश ढोलीतच अंडी घालतात. वठलेली खोडं दरवर्षी काढत गेलो तर रान हिरवं दिसेल, पण पाखरांना घर राहणार नाही.

माळावरचा पक्षी:
रानपिंगळा, सालीचा मुद्दा माहीत नव्हता. मग पडलेल्यातही काही मर्यादा आहे का?

रानपिंगळा:
कायद्यात जाडीचं माप शोधू नका, ते गावाच्या नियमात असतं. हक्क मिळालेली गावं स्वतःच ठरवतात: कुऱ्हाड न्यायची नाही, फक्त कोयता, कोयत्याच्या एका घावात तुटेल एवढीच फाटी, जाड ओंडके कुजू द्यायचे, दरवर्षी एक बाजू बंद. धुळ्याच्या बारीपाड्यात असे नियम आणि दंड गावानेच ठरवले आणि जंगल परत उभं राहिलं. ओढ्याच्या काठचं आणि उतारावर आडवं पडलेलं लाकूड तसंच राहू द्या, माती त्याच्याच आधाराने थांबते.

किनारपट्टी:
कोकणातून लिहितोय. आमच्याकडे सरकारी जंगल थोडं, डोंगर बहुतेक मालकीचे. म्हणून "वनजमिनीवर कुठे तोडू" यापेक्षा "माझ्याच डोंगरात काय तोडू शकतो" हा प्रश्न मोठा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत १६ प्रकार आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. कोकणी चुलीत जळतं ते ऐन-किंजळच, आणि नेमकी तीच यादीत. ती तोडायची तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, सातबारा, नकाशा, सहहिस्सेदारांची संमती, मग जागेवर झाडांची मोजणी आणि खुणा. परवानगी हातात येईपर्यंत करवत बाजूला.

सातबाऱ्यावर सामायिक नावं असतात तिथे एका भावाने अर्ज केला आणि मुंबईतल्या चुलत्याने हरकत घेतली की सगळं अडकतं. त्यामुळे संमती आधी, अर्ज नंतर. सातबाऱ्यावर "कलम ३५" (भारतीय वन कायद्याचं) अशी नोंद असेल तर १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याची टांगती तलवार आहे. अशा जमिनीत तोड सुरू करण्याआधी उपवनसंरक्षक कार्यालयाचं लेखी म्हणणं घ्या.

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (झाडांच्या फांद्या) काढली की पाला भाजावळीला जातो आणि काठ्या उरतात. घरचं बरंचसं जळण त्यातूनच भागतं. त्यासाठी वेगळं झाड पाडायची गरज पडत नाही.

मांडवीकाठ:
गोव्यात अजून कडक. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने स्वतःच्या भाटातलं (बागेतलं) झाड पाडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नारळाच्या झावळ्या, पिडे, सोडणं आणि करवंट्या यांना कुणाची परवानगी लागत नाही, बंबाला ती उत्तम.

ओरेगॉनकर:
इथली पद्धत सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल. अमेरिकेत राष्ट्रीय वनांमध्ये घरगुती सरपणाचा परवाना मिळतो. प्रत्येक वनाचे नियम वेगळे. परवान्यासोबत नकाशा येतो, त्यात तोडीला मोकळे भाग आणि गाडी नेता येणारे रस्ते दाखवलेले असतात. माप "कॉर्ड"चं: ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब रचलेला ढीग, म्हणजे १२८ घनफूट. मोठ्या पिकअपच्या हौद्यात काठोकाठ साधारण अर्धा कॉर्ड बसतो. गाडी हलवण्याआधी ढिगाला टॅग लावावा लागतो, त्यावरची त्या दिवसाची तारीख कापून. टॅग खिशात ठेवून निघालात तर दंड.

चेनसॉला ठिणगीरोधक जाळी, जवळ फावडं आणि अग्निशामक. वणव्याचा धोका वाढला की दुपारनंतर करवत बंद, आणखी वाढला की पूर्ण बंद. त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी वनकार्यालयाच्या सूचना बघूनच निघतात. लाकूड विकायचं नाही आणि लांब न्यायचंही नाही, कारण त्यातून किडे पसरतात. ॲश झाडं मारणारा हिरवा भुंगेरा २०२२ मध्ये ओरेगॉनमध्येही सापडला.

बांधावरचा:
हे आपल्याकडे का नाही? शंभर रुपये भरा, टॅग घ्या, मोळी न्या. किती सोपं.

वैनगंगाकाठ:
कारण आपल्या रानाच्या कडेला माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिकीट लावलं तर ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो दहा तिकिटं काढेल आणि डोक्यावर मोळी आणणारी मागे राहील. हक्क ग्रामसभेकडे असेल तर कुणी किती न्यायचं ते गाव ठरवेल. दंडही गावाच्याच निधीत जाईल.

पळसपापडी:
@वैनगंगाकाठ, सहमत नाही. ज्या गावांचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत त्यांनी तोवर काय करायचं? गाव आणि वनखातं यांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत विरळणीचं (दाट झाडी विरळ करताना निघालेलं) लाकूड रास्त दरात मिळालं तर निदान आजचा प्रश्न सुटेल.

तेंदूपान:
दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. समिती असेल तर वनपालाला विचारा, यंदाच्या कार्य आयोजनेत आपल्या कक्षात विरळणी आहे का. असेल तर फाटी समितीला मिळावीत म्हणून तोड सुरू होण्याआधीच लेखी मागणी द्या. लाकूड एकदा डेपोत गेलं की लिलावाचे नियम लागतात.

डेपोतून जळाऊ बिटं (रचून ठेवलेले लाकडाचे ढीग) घेतलीत, वनखात्याची किंवा वनविकास महामंडळाची, तर पैशांची पावती आणि वाहतूक परवाना दोन्ही गाडीत ठेवा. परवान्यावर गाडीचा नंबर, मार्ग आणि मुदत असते. मुदत संपल्यावर नाक्यावर पोचलात तर विकत घेतलेलं लाकूडही अडकतं.

@बांधावरचा, ट्रॉलीचा प्रश्न इथेच येतो. डोक्यावरच्या मोळीकडे घरगुती गरज म्हणून बघितलं जातं. वाहन आलं की परवाना लागतो, आणि तो नसेल तर भारतीय वन कायद्याच्या कलम ५२ खाली वाहनच जप्त होऊ शकतं. आपल्या राज्यात ते सरकारजमा करण्याचीही तरतूद आहे. वनहक्क मिळालेल्या गावात वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गौण वनोपजाचा परवाना ग्रामसभेची समिती देते, आणि योग्य ते वाहन वापरता येतं.

किनारपट्टी:
सुबाभूळ, निलगिरी अशा काही लावलेल्या झाडांना वाहतूक परवान्यात सूट आहे. तरी सातबाऱ्याची प्रत आणि पंचायतीचा दाखला गाडीत असू द्या. तोडलेल्या लाकडावरून जात ओळखणं नाक्यावरच्या माणसाला अवघड जातं आणि तोवर गाडी उभीच राहते.

कापूसपट्टा:
वनजमीन सोडून जे फुकट मिळतं त्याबद्दलही लिहा की. पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काठ्या), तुरीच्या तुऱ्हाट्या, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, सॉ-मिलच्या कडेच्या फळ्या. फक्त पऱ्हाटीचे ढीग पुढच्या पेरणीपर्यंत बांधावर ठेवू नका. गुलाबी बोंडअळी तिच्यातल्या बोंडांत तग धरून राहते. आधी ती जाळा, लाकूड मागे ठेवा.

रानपिंगळा:
जाळण्याबद्दल: बिब्बा, कण्हेर आणि खाडीकाठचं गेवा चुलीत घालू नका. बिब्ब्याच्या चिकाने फोड येतात आणि धूरही बाधतो. कण्हेर विषारीच आहे. गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. सावर आणि पांगारा भुसभुशीत, भडकतात आणि विझतात. ऐन, धावडा, बाभूळ यांचा निखारा टिकतो.

ओलं लाकूड धूर जास्त करतं आणि लाकूडही जास्त खातं. वाळण्याआधीच फोडून ठेवा, आख्खा ओंडका आतून वर्षभर ओला राहतो. खाली दगड-विटा लावून जमिनीपासून वर रचा, वरून झाका, बाजू वाऱ्याला उघड्या ठेवा. टोकाला ताऱ्यासारख्या चिरा पडल्या आणि दोन फाटी एकमेकांवर आपटल्यावर ठणठणीत आवाज आला की तयार. रचलेल्यातून हात घालून ओढू नका, आधी काठीने हलवा. विंचू आणि फुरसं तिथेच असतात.

वैनगंगाकाठ:
आमच्या बाजूला वाघ आहे, म्हणून हेही सांगतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला जाऊ नका. एकट्याने तर नाहीच. गोळा करताना माणूस वाकलेला असतो, तेव्हा एकीने उभं राहून पाहत राहावं आणि सगळ्यांनी मोठ्याने बोलत राहावं. मोळी तिथेच बांधू नका, मोकळ्या जागी आणून बांधा. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या गावांनी श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेत गॅसचं अनुदान विचारून घ्यावं. रानातली एक खेप कमी झाली तरी घरच्यांना तेवढी चिंता कमी.

पळसपापडी:
गार्डने मोळी धरलीच तर?

तेंदूपान:
वाद घालू नका, पळूही नका. पंचनामा मागा. त्यात जागा, कक्ष क्रमांक, लाकडाची जात, वाळलं की ओलं, आणि किती, हे नीट लिहिलंय का वाचा. "ओलं" लिहिलं असेल आणि लाकूड वाळकं असेल तर सही करण्याआधी हरकत नोंदवा. वन कायद्याच्या कलम ६८ खाली तडजोडीने दंड भरून प्रकरण मिटू शकतं, पण पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. कोयता जप्त झाला तर त्याचीही नोंद हवी. वनहक्काचा दावा दाखल असेल तर त्याची पोच दाखवा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही, हे वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं. पण ते संरक्षण कब्ज्याला आहे, झाड तोडायला नाही.

बांधावरचा:
खूप आभार सगळ्यांचे. नमुना १-अ काढतो आणि पुढच्या ग्रामसभेत विषय ठेवतो. तोपर्यंत घरचं जळण बांधावरच वाढवायचं म्हटलं तर काय लावू?

सह्याद्रीचा_राब:
गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). पहिल्या पावसात अंगठ्याहून जाड, कंबरेएवढ्या लांब काठ्या बांधावर हातभर अंतराने रोवा, टोक तिरकं कापून. पहिलं वर्ष हात लावू नका. मूळ धरलं की कमरेच्या उंचीवर छाटत राहायचं. पाला भातखाचरात घाला, काठ्या वाळवून चुलीला. ओला पाला जनावरांना एकदम भरपूर घालू नका. सुबाभूळही चालते, पण शेंगा धरायच्या आत छाटा, नाहीतर बी शेजारच्या रानात पसरतं. वनहद्दीकडच्या बांधावर लावणार असाल तर बुरुजापासून आत सरकून लावा आणि सातबाऱ्याच्या पीकपाण्यात झाडांची नोंद आत्ताच करून घ्या. तोडायच्या वर्षी तीच नोंद दाखवावी लागते.